वाणातलं अगद

सदाशिव पेठेतल्या मंदाकिनीबाईंनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्या तरी वर्ग काही सुटला नाही. पोरांच्या जागी शेजारणी आल्या, एवढंच. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं. मंडईजवळच्या दुकानातून शिरीषाची साल आणली, मिक्सरला लावली, हळद-तुपात मळली आणि कुंकवाच्या डब्यांत भरून वाण म्हणून वाटली.

"याला अगद म्हणतात. पोथीत दिलंय. विषावरचा उतारा! साप चावला की लेप द्यायचा. वाळता वाळता विष ओढून घेतो."

शेवटचं वाक्य कुठल्याच ग्रंथात नव्हतं. बोलण्याच्या भरात आलं आणि बाईंनी येऊ दिलं.

"पेठेत साप कुठला?" शेजारच्या तनुजाताईंनी डबी हुंगली. "आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना लावून बघते."

हशा पिकला. धुण्याभांड्याच्या गोदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. परभणीकडून येऊन त्या धायरीत पत्र्याच्या वस्तीत राहायच्या. पाठीमागं सगळं रान. त्यांनी डबी पदराच्या गाठीला बांधली.

श्रावणात गोदाबाईंचे बरेच खाडे पडले. आल्या त्या हात जोडूनच.

"बाई, तुमच्या औषधानं आमचे मालक वाचले बगा! पान लागलं त्यास्नी, साप चावला. डाक्टर म्हनला, पायाची दोन बोटं गेली, जीव ऱ्हायला. आनखी डब्या द्या की, वस्तीतल्या बाया मागायल्यात."

बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "दवाखान्यात लगेच नेलं ना?"

"लगीच कसं? लेप वाळूस्तोर थांबलो. तुमीच म्हनला व्हता."

हो म्हणून डब्या दिल्या असत्या, तर कुणाला काही कळणार नव्हतं. बाईंना क्षणभर तसं करावंसं वाटलंही.

"गोदाबाई, औषधानं नाही हो वाचले. दवाखान्यानं वाचवलं. माझ्यापायी उशीर झाला."

गोदाबाईंनी हातातली घासणी मोरीत ठेवली. "चला वस्तीत. तुमच्या तोंडानं सांगा. मी न्हाई सांगायची."

दोघी रिक्षानं धायरीला गेल्या.

वस्तीत बायका गोळा झाल्या. गोदाबाईंचे मालक नागोराव बाजेवर बसले होते, त्यांनी खुर्ची पुढं करायला लावली. बाई उभ्याच राहिल्या. "साप चावला तर काही लावू नका, थांबू नका. तडक दवाखाना गाठा. मी चुकीचं सांगितलं होतं."

"पर पोथीत हाय म्हनला व्हता ना?" एकीनं विचारलं.

"औषध पोथीत आहे. वाळेपर्यंत थांबा, हे नव्हतं. ते माझं."

बाईंची नजर खाली वळली, तशी नागोरावांनी पायावर चादर ओढून घेतली.

"बसा की बाई," ते म्हणाले. "गोदे, चहा टाक."