पहिला पेला

"ओ सिस्टर, आदी हात चोळा. गार हातानं म्हस बी पान्हा देत न्हाय."

मामा खुर्चीत बसत, शर्ट वर करत, पोट पुढे काढत आणि हे वाक्य टाकत. आमच्या हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये एसी, औषधाची सिरिंज गार, त्यात माझे हात जन्माचे गार. मी मुकाट्यानं चोळायची. पोटावर आधीच्या इंजेक्शनांचे लाल-निळे चट्टे असत, त्यांतून मोकळी जागा शोधावी लागे.

"कुटं बी टोचा. हितं कोण पावणं बघायला येनार हाय?"

तुम्ही कोल्हापुरात संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभे राहिला असाल, तर मामांना पाहिलंच असेल. मोठ्या मिशा, मोठा आवाज आणि शेजारी तशीच धिप्पाड म्हैस. धार थेट पेल्यात पडते आणि फेसासकट पेला गिऱ्हाइकाच्या हातात जातो. मामांची एक रीत होती. पहिला पेला ते सगळ्यांसमोर स्वतः पीत, मिशीवरचा फेस पुसत आणि मगच दुसरा भरत. दुधात पाणी नाही, पावडर नाही, हे सांगायची त्यांची हीच पद्धत.

त्यांच्या हाडांच्या मगजात रक्त तयार व्हायचं, पण कच्चं. कामाला यायच्या आतच मरायचं. असा आजार सोडून दिला तर ब्लड कॅन्सरमध्ये उतरतो, आणि मामांचा उतरायला लागला होता. डॉक्टरांनी समजावलं, "पेशींमधली काही जनुकं बंद पडलीत. मोडली नाहीत, नुसती गप्प बसलीत. हे औषध त्यांना पुन्हा जागं करतं."

मामांनी मान हलवली. "म्हंजे म्हस आटल्याली न्हाय. पान्हा चोरालीया."

डॉक्टर शहरातले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, कासेत दूध असतं, पण म्हैस सोडत नाही. डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. गुण यायला काही महिने लागतील. तोवर रक्त आधी आणखी उतरेल, पांढऱ्या पेशी तळाला जातील, साधा जंतूही जीव घेईल. म्हणून निरसं दूध बंद. उकळूनच प्यायचं.

आजाराचं नाव ऐकताना मामांचा चेहरा हलला नव्हता. तो आता हलला. "उकळून? त्ये तर च्यात घालत्यात."

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. जनावरांच्या बाजारात आयुष्य गेलेलं, तीच नजर ते पेशंटांवर फिरवत. समोरच्याची पापणी, नखं, चाल बघत आणि माझ्या कानाशी येऊन सांगत. बिद्रीकडचे एक मास्तर होते, बिचारे घरून सगळ्यांसाठी चिक्की आणायचे. मामांनी चिक्की खाल्ली आणि म्हणाले, "ह्यो औंदा कारखान्यात उसाचं गाळप सुरू झाल्यालं बघत न्हाय." मी त्यांना झापलं. मास्तर गाळपाच्या आधीच गेले. त्या खुर्चीवर नवा पेशंट बसला, तेव्हा मामांनी त्याच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. त्या दिवशी हात चोळा असंही म्हणाले नाहीत.

"आणि तुमचं काय, मामा?" मी एकदा चिडून विचारलं.

"मी इकायचं जनावर न्हाय. मी इकनारा हाय."

कट्ट्यावर त्यांनी आजार लपवला होता. "आजारी मानसाच्या हातचं दूध कोन पिल?" हा त्यांचा हिशेब. चूक म्हणता येत नाही, आपणही प्यायलो नसतो. पण पहिला पेला पिणं बंद झालं, ते कसं लपवणार? ते पित्ताचं निमित्त सांगत. लोक काही दिवस ऐकून घेतात, मग कुजबुजतात. चौथ्या महिन्याची इंजेक्शनं झाली, मगजाची तपासणी झाली, रिपोर्ट यायचा होता. पांढऱ्या पेशी अगदी तळाला होत्या. त्याच आठवड्यात घडलं ते.

मामींनी मला नंतर सांगितलं. लाल स्कूटरवर रोज येणारं एक गिऱ्हाईक सगळ्यांसमोर ओरडलं, "मालकच पीत न्हाईत, आमी कशाला प्यायचं? आदी तुमी प्या की!" लोक हसले. दोघं-तिघं शेजारच्या म्हशीकडे सरकले. मामींनी नवऱ्याचं मनगट धरलं. त्यांनी ते झटकलं, पेला भरला, एका दमात प्याले आणि रिकामा पेला उलटा करून दाखवला.

"न्हाय म्हनाया तोंड हुतं की त्यास्नी," मामी म्हणाल्या. "पर पाक इज्जतीवर आल्तं."

दोन दिवसांनी थंडी-तापानं फणफणत त्यांना आणलं. जंतू रक्तात पसरला होता. मला त्या गिऱ्हाइकाचा राग आला, मामांचा त्याहून जास्त आला. इतका की सलाईन लावताना मी हात चोळले नाहीत.

दुपारी रिपोर्ट आला. औषध लागू पडलं होतं. खराब पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. डॉक्टर कागद हातात घेऊन बराच वेळ दारात उभे राहिले, मग आत येऊन त्यांनी ते मामांना सांगितलं. न सांगते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ऑक्सिजनच्या मास्कमधून मामा म्हणाले, "पान्हा सुटला म्हना की."

मग मला खुणेनं जवळ बोलावलं. "पापनी बघा माजी."

मी पापणी खाली ओढली. पांढरीफटक होती. "चांगली आहे," मी म्हणाले.

"तुमास्नी जनावर कळत न्हाय, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

पुढच्या महिन्यात मी कट्ट्यावर गेले. का गेले ते सांगता येणार नाही. तीच म्हैस होती, खाली मामी बसल्या होत्या. म्हैस पान्हा देत नव्हती. मामी पदराला हात चोळत, पुन्हा कासेला लावत. लोक खोळंबले होते. अखेर धार सुटली, पेला भरला.

लाल स्कूटर कडेला उभी होती. तिचा मालक हसत हसत पुढे आला. "मामी, आदी तुमी प्या की. मामा प्यायचे न्हवं?"

मामींनी त्याच्याकडे पाहिलं. पेला तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि उलटा करून दाखवला.

त्याचं समाधान झालं. त्यानं हात पुढे केला.