बन्सीआप्पाच्या हातची भाकरी

जामखेडच्या बन्सीआप्पाने सारी हयात टेम्पो चालवला. कुठल्या ढाब्यावर आमटी झणझणीत आणि कुठल्या ढाब्यावर पाणचट, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. पण घरच्या चुलीपुढे हा गडी कधी बसला नाही. बायको, सत्यशीला, होती तोवर ताट आपसूक समोर यायचं. ती जाऊन वर्ष झालं आणि आप्पाचं रात्रीचं जेवण चहा-बिस्किटावर आलं. त्यावर माणूस जगतो म्हणा, पण त्याला काय जेवण म्हणतात का?

शेजारच्या कडूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने सुप्याला दिलेल्या आप्पाच्या लेकीला, निकिताला, फोन लावून सगळं सांगून टाकलं. लगेच निकिताचा आप्पाला फोन.

"आप्पा, मंगळवारी संध्याकाळी येते. घरात सैपाक होत नसंल तर बॅग भरायची आन् माझ्यासंगं सुप्याला ऱ्हायला यायचं."

"अगं, रोज भाकरी करतो की मी," आप्पाने थाप ठोकून दिली.

सुप्याला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. जावई भला माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण इथे सकाळी दार उघडलं की येणारा-जाणारा हाक मारतो, तिथे कोण ओळखतंय? एकदा हे घर बंद झालं की आपलंही संपलंच, अशी धास्ती त्याने घेतली होती.

मंगळवार उजाडला. नळाला पाणी आलं तसं त्याने पिंप भरलं. अंगण झाडलं, चादरी धुतल्या, गॅसची शेगडी लख्ख घासली. दुपारी शेंगदाणे भाजून आमटी केली, तीही बरी जमली. मग भाकरीला बसला आणि तिथे गाडी रुतली. थापायला लागलं की कडा चिरायच्या आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे. पुन्हा मळलं, पुन्हा तेच.

कडूबाई दारातून बघत होती. "भावजी, पीठ कवाचं हाय?"

"मागल्या म्हयन्यातलं. सारखं गिरणीत कोन जानार? म्हनून एकदम डबा भरून ठेवला."

कडूबाईने कपाळाला हात लावला. "जवारीचं पीठ हाय ते, शिमिटाची गोनी न्हाई. आठवड्यापुरतं दळायचं आसतं. जुन्या पिठाची विरी जाती, मंग ते धरून ऱ्हात न्हाई."

बायकांना हे परकर नेसायच्या वयात कळतं. पण आयुष्यभर टेम्पोत माल भरलेल्या माणसाला वाटणार, एकदाच भरा आणि सुटा. ताजं दळून आणावं तर गिरणीची लाईट गेलेली.

"आता पानी उकळून पिठावर वता आन् मळा," कडूबाई म्हणाली. "न्हाईतर मीच देते भाकरी टाकून. पोरीला काय कळतंय?"

आप्पाने सोपी वाट धरली. नको ती दुर्बुद्धी, दुसरं काय.

संध्याकाळी निकिता आली. घर फिरून बघितलं, घडी घातलेल्या चादरींवर हात फिरवला, पोरगी खूश झाली. जेवायला बसली. टोपलीतली भाकरी उचलून तिने उलटीपालटी करून बघितली आणि तिचा चेहरा उतरला. आता हिला कोण फसवणार? भाकरीवरून आमच्याकडे करणारीचा हात ओळखतात. कुणाच्या कडा जाड, कुणाची बोटं मधे उमटलेली.

"ही कडूकाकूची हाय," ती म्हणाली. "आप्पा, मला काळजी वाटती म्हणून मी येते, आन् तुमी माझ्याशीच खोटं बोलता? उद्या सकाळच्या यष्टीने निघायचं." तिचे डोळे भरून आले.

आप्पा लाजेने अर्धा झाला. सुप्याचं राहिलं बाजूला, लेकीला रडवलं हे त्याला जास्त लागलं. तो उठला आणि त्याने पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. निकिता मदतीला उठली.

"तू बस. हात लावायचा न्हाई."

पिठावर उकळतं पाणी ओतलं, चटके सोसत मळलं. पहिली भाकरी फाटली, ती त्याने बाजूला सारली. दुसरी धड गोल ना धड चौकोनी, पण अख्खी तव्यावर गेली. जाळावर धरली आणि एका बाजूने का होईना, टम्म फुगली. आप्पाने ती लेकीच्या ताटात वाढली.

निकिताने तिचा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवून खाल्ला. मग कडूबाईच्या भाकरीची टोपली तिने दूर सारली.

"अजून एक टाका," ती म्हणाली.

ती मधे जाड राहिली, तरी पठ्ठीने खाल्ली. पुढची मात्र तिने फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवली.

"ती कशाला?" आप्पाने तव्यावर नवी भाकरी टाकत विचारलं.

"ह्यांना दाखवायला. ह्यांनी तुमच्यासाठी पुढची खोली रंगवून ठेवलीय. त्यांना सांगते, तिथं आता पोरींचं अभ्यासाचं टेबल टाका."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला इतकं बरं वाटलं, की तव्यावरची भाकरी पार करपली तरी वास काही त्याच्या नाकापर्यंत पोचला नाही.