दार उघडं ठेवून

माझ्या प्रोफेसरवर मी सूड उगवला आणि त्याचं मला आजही तसूभर वाईट वाटत नाही.

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होते. विषय असा: ‘आधी अणुबॉम्ब आम्ही टाकणार नाही’ असं वचन द्यायचा विचार महासत्ता करू लागली, की तिची दोस्त सरकारं काय करतात? अधिकाऱ्यांच्या मागे लागून लागून मी मुलाखती मिळवल्या. सगळ्यांची एकच तऱ्हा! माईकसमोर शांततेचे गोडवे आणि दार बंद झालं की महासत्तेपुढे गयावया: असलं वचन देऊ नका हो, मग आमचं रक्षण कोण करणार?

प्रोफेसर त्याच जातकुळीतले निघाले. केबिनमध्ये म्हणाले, “हा शोध सर्वस्वी तुमचा.” आणि कोलोक्वियममध्ये, म्हणजे विभागाच्या चर्चासत्रात, भरल्या हॉलसमोर, तोच ‘माझा शोध’ म्हणून मांडला! पेपरही एकट्याच्या नावावर काढणार होते. माझं नाव कुठेच नाही. भाषण संपलं. इथे विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने टेबल ठोकतात. सगळे ठोकत होते. मी हात मांडीवर ठेवून बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आईने फोनवर बजावलं होतं, “गाइडशी वाकडं घेऊ नकोस गं, डिग्री अडकेल.” अडकू दे, म्हटलं, आणि हात वर केला.

“भाषणात तुम्ही ज्याचा दाखला दिलात, त्या अधिकाऱ्याने मुलाखतीत मध्येच रेकॉर्डर का बंद करायला लावला?”

“आल्झो... म्हणजे...” म्हणत प्रोफेसर समोरचे कागद चाळू लागले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

“मी सांगू शकते,” मी म्हटलं. “कारण त्याच्यासमोर मी बसले होते, तुम्ही नाही.”

काय गार पडला होता तो माणूस! अहाहा!

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. “पेपरवर तुमचं नाव पहिलं टाकतो. पण बाहेर आता चर्चा नको.”

मी उठले, दार सताड उघडलं. “जिथे घेतलंत, तिथेच परत द्या.”

पुढच्या कोलोक्वियममध्ये ते उभे राहिले आणि शोध माझा असल्याचं सांगितलं. मान लालबुंद झाली होती. पहिलं टेबल मीच ठोकलं, त्यांच्या डोळ्यांत बघत, बोटं सोलवटेपर्यंत.