पान मिळेल, फांदी नाही

शिलाई कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत, पण ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. खिडकीजवळचं इस्त्रीचं टेबल तिचं. तयार शर्ट तिच्याकडे चुरगळलेले यायचे आणि टापटीप होऊन खोक्यात जायचे. वाफेच्या इस्त्रीशी उभा जन्म काढला की हातांचं जे होतं ते तिच्याही हातांचं झालं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांच्या खुणा, काही जुन्या पांढरट, काही ताज्या. कॉलर दाबताना बोट जरा पुढे सरकलं की संपलं. टेबलावर आलेली नवी बाई आधी रडायची, मग इस्त्रीला शिव्या द्यायची, आणि शेवटी मावशीकडे यायची.

कारण मावशीकडे भाजल्याचं झाड होतं. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, मावशीलाही नाही. तिच्या थोरल्या बहिणीने ते आफ्रिकेतून आणलं होतं. मेहुण्यांची नोकरी तिकडे होती तेव्हा बहिणीचा हात तव्याला लागून पोळला, आणि शेजारच्या कुंपणापलीकडच्या बाईने काही न विचारता आपल्या वाफ्यातलं एक पान मोडून त्याचा गर तिच्या हातावर चोळला. वर एक फांदीही तोडून दिली, लाव अशी मातीकडे बोट दाखवून खूण केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. परत येताना बहिणीने त्याच झाडाची फांदी ओल्या रुमालात गुंडाळून आणली आणि मावशीला दिली. बहीण पुढे आजारपणात गेली. झाड मात्र फोफावलं.

दिसायला ते काही फार देखणं नव्हतं. कांद्याच्या पातीसारखी पण भरीव पानं, मोडली की आत गार, चिकट गर. मधूनच एक लांब दांडी वर यायची आणि तिच्यावर चांदण्यांसारखी बारीक पिवळी फुलं लागायची, मध्ये केसाळ पुंजका असलेली. इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मावशीच्या कुंड्यांची रांग होती. रोज सकाळी ती चार पानं तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि डब्याच्या पिशवीत टाकून कामावर न्यायची. कुणाला चटका बसला की आधी नळाखाली हात धरायला लावायची, मग पान मधोमध चिरून गर लावायची. आग कमी व्हायची, निदान तसं वाटायचं तरी. मोठं भाजलेलं असेल तर मात्र ती झाडाच्या नादी लागायची नाही, सरळ दवाखान्यात पिटाळायची. तेवढी अक्कल तिला होती.

अक्कल नव्हती ती दुसरीकडे. पान मागितलं की मावशी कधी नाही म्हणायची नाही. फांदी मागितली की मात्र तिचा हात आखडायचा. वास्तविक हे झाड लावण्यात काहीच विद्या नव्हती. कुठलीही फांदी तोडा, मातीत खोचा, ती धरणारच. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिने सांगून ठेवलं होतं की ते दुसऱ्याच्या हाताने लागत नाही. आता हवा बरोबर नाही, आता फुलावर आहे, आता नुकतं छाटलंय, असं म्हणून ती वेळ मारून न्यायची. पुढे पुढे तर तिचं तिलाही ते खरं वाटायला लागलं.

तिला लबाड म्हणणं सोपं आहे. पण नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि घरात मावशीचं ऐकायला भिंतींशिवाय कुणी उरलं नव्हतं. कारखान्यात मात्र कुणाला भाजलं की पहिली हाक तिला. कटिंग करणारे मास्तर, जे मालकालाही दोन शब्द ऐकवायचे, तेसुद्धा बोट पुढे करून तिच्यासमोर मुकाट उभे राहायचे. घरोघरी ते झाड झालं तर मावशीकडे कोण कशाला येईल? हा विचार तिने कधी मोठ्याने केला नाही. पण केला होता.

फांदी सगळ्यांत जास्त वेळा मागितली काजवालीने. शर्टांना काज करून बटणं लावणारी म्हणून ती काजवाली. मावशीच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. दोघी बरोबर कामाला जायच्या, बरोबर यायच्या, डबा एकत्र खायच्या, आणि एकीच्या घरात काय शिजलं हे दुसरीला न सांगता कळायचं. दोघी एकमेकींना जीव की प्राण. काजवालीला हे झाड फार आवडायचं, आणि तेही औषधासाठी नाही, तर त्या पिवळ्या फुलांसाठी. माझ्या खिडकीत एक दांडी डोलली तर काय बिघडलं तुझं, असं ती हसून म्हणायची. मावशीही हसून म्हणायची, देते गं, जरा थंडी सरू दे. थंडी सरायची. उन्हाळाही सरायचा. काजवालीने कधी तोंड वाकडं केलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिने मागावं आणि मावशीने पुन्हा टोलवावं, हे जणू ठरूनच गेलं होतं.

मग एका सकाळी मावशी गच्चीवर गेली तर कडेच्या कुंडीतली एक फांदी बुडापासून मोडलेली. नुसती मोडलेली नव्हे, गायब. तुटल्या जागी गर चकाकत होता. मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. गच्चीवर वाळत घातलेले कपडे होते, आणि ते काजवालीचे होते. आदल्या संध्याकाळी तीच वर आली होती. मावशीला आणखी पुरावा नको होता.

खाली जाऊन एकटीला विचारलं असतं तरी भागलं असतं. पण मावशी सकाळभर गप्प राहिली, मनातल्या मनात धुमसत राहिली, आणि डबा खायच्या सुट्टीत, सगळ्या बाया गोल बसलेल्या असताना म्हणाली,

"मागून मिळालं नाही की लोक हात मारतात. शेजारच्यांचासुद्धा भरवसा नाही राहिला."

कुणाबद्दल बोलतेय हे सगळ्यांना कळलं. काजवालीने घास खाली ठेवला.

"मी नाही नेली," ती म्हणाली.

"मग काय पाय फुटले फांदीला?"

काजवालीने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि आपल्या मशीनवर जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं, कारण भांडणं मिटतात. ती भांडली नाही, रडली नाही, पुन्हा एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून ती कामाला दहा पावलं पुढे चालत जायची आणि मावशी मागून. पुढे तिच्या लेकीने तिला आपल्याकडे बोलावून घेतलं. लेकीचं गाव लांब होतं. खोली रिकामी करून जाताना काजवालीने इमारतीतल्या सगळ्यांचा निरोप घेतला. मावशीच्या दाराशी ती आली नाही. मावशी दाराआड उभी राहून जिन्यावरची तिची पावलं ऐकत होती. दार उघडायला हात कडीपर्यंत गेलाही होता, पण मानीपणा आड आला.

पण तिचा संशयी स्वभाव काही गेला नाही. एकदा गेलं म्हणजे पुन्हा जाईल, असं म्हणून तिने गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली खोलीत आणल्या आणि खिडकीखाली ओळीने मांडल्या. फरशी भिजू नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवली. त्या खिडकीत ऊन जेमतेम येऊन जायचं. पानं जरा लांबुडकी आणि फिकट झाली, पण मावशीला वाटलं, वाढतंय. आता ते तिच्या कुलपात होतं, डोळ्यांसमोर होतं. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं.

त्यातच मुलगी बाळंत झाली. मावशी रजा घेऊन तिच्याकडे गेली. जाताना झाडांचे हाल नकोत म्हणून तिने प्रत्येक कुंडीत पाणी ताटल्यांतून वर येईपर्यंत ओतलं, खिडकी लावून घेतली आणि दाराला कुलूप घातलं. किल्ली शेजारी द्यायची पद्धत होती, पूर्वी ती काजवालीकडे असायची. आता ती मावशीने पिशवीत टाकली.

परत येऊन दार उघडलं तेव्हा आधी वास आला. कुजक्या पालेभाजीचा यावा तसा. कुंड्यांतली झाडं बसली होती. बुडं तपकिरी होऊन लिबलिबीत झाली होती, हात लावला की फांद्या हातात येत होत्या. ज्याला पोटभर ऊन आणि तोंडापुरतं पाणी लागतं, त्या झाडाला तिने अंधारात आणि पाण्यात उभं केलं होतं. मावशीने कात्रीने वरचे शेंडे कापून पाहिले, कोरड्या मातीत खोचले, गच्चीवर नेऊन ठेवले. दोन-चार दिवस ते हिरवे राहिले आणि मग तेही काळे पडून गळाले. बहिणीच्या हातचं तेवढंच काय ते तिच्याकडे उरलेलं होतं. त्या काळ्या शेंड्यांसमोर बसून मावशी लहान मुलीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी ती फडकं न घेताच कामावर गेली. नंतरच्या सुट्टीत नर्सऱ्या पालथ्या घातल्या. जिथे जावं तिथे वर्णन ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि कोरफड आणून दाखवायचे. मग तिच्या मनात एक विचार आला. इतक्या वर्षांत इतक्या बायांना पानं दिली, त्यातल्या एखादीने तरी गच्चीवर येऊन लपूनछपून फांदी नेली असेल की नाही? आता तिला कुणाचा राग नव्हता. ती एकेकीजवळ जाऊन हळूच विचारायला लागली. नेली असलीस तर सांग, काही म्हणणार नाही. बाया कानावर हात ठेवायच्या. धागे कापणारी म्हातारी तेवढी मोकळेपणाने बोलली. मनात एकदा आलं होतं म्हणाली, पण तूच सांगितलेलंस की दुसऱ्याच्या हाताने लागत नाही, मग उगाच एक जीव कशाला मारायचा? मावशीला तिच्याकडे बघवेना.

म्हणजे उरली एकच. जिच्यावर आळ घेतला होता ती.

आणि काय गंमत आहे पाहा. ज्या चोरीसाठी मावशीने इतक्या वर्षांची मैत्रीण तोडली, ती चोरी खरी असावी म्हणून आता ती मनोमन हात जोडत होती. काजवालीच्या लेकीच्या खिडकीत पिवळ्या फुलांची दांडी डोलतेय, असं तिला काम करता करता दिसायचं. तिने नेली असेलच. कुठे जाते फांदी! नेली असेल आणि शरमेने बोलली नसेल. मग सगळं सोपं होतं. मावशीने मोठ्या मनाने माफ करायचं, काजवालीने एक फांदी पाठवायची, आणि झालं गेलं गंगेला मिळालं.

मास्तरांकडे तिचा नंबर होता. मावशीने तो मागून घेतला आणि डब्याच्या सुट्टीत जिन्याखाली, कापडाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला उभं राहून फोन लावला. काजवालीने आवाज लगेच ओळखला. तब्येतीची विचारपूस झाली, नातवाची झाली.

"एक विचारू का?" मावशी म्हणाली. "ती फांदी. खरं सांग. मी रागावणार नाही."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझं सगळं कुजलं गं. एक पान राहिलं नाही. तू नेली असशील तर... नेली असशील तर बरंच झालं म्हणायचं."

"म्हणजे मी चोर ठरले तर तुला बरं वाटेल."

"तसं नाही गं."

"तसंच आहे." काजवालीच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आजही तेच सांगते. मी नाही नेली. वारा होता, चादर वाळत होती, मांजरं फिरत होती. कशाने मोडली आणि कुठे पडली, देव जाणे. तू टाकीमागे तरी बघितलंस का?"

मावशीने बघितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"आणि न्यायचीच असती," काजवाली म्हणाली, "तर रोज कपडे वाळत घालायला वर येत होते मी. इतकी वर्षं तुझ्याकडे मागत कशाला बसले असते?"

वर सुट्टी संपल्याची घंटा झाली. मशीनं एकेक करून सुरू झाली. मावशीने फोन कानाशी घट्ट धरला.

"हो गं," ती म्हणाली. "मागितली होतीस."