मोहाची ढेप आणि शेजारची बोडी

माझ्या अंगणात विषारी औषधाचा कण पडू द्यायचा नाही, हे मी सावली गावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं. कारणही तसंच होतं. आधीच्या कुत्र्याच्या पंजाला दुकानातून आणलेली किडे मारायची पावडर लागली, ती त्यानं चाटली आणि गेला. तोंडाला फेस, डोळे फिरलेले, आणि मी नुसती पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पुढे नवं पिल्लू आलं तेव्हाच नवऱ्याला बजावलं, ती पावडर परत दिसली तर पावडर आणि तुम्ही, दोघंही घराबाहेर.

मग माझे गावठी उपाय सुरू झाले. गोचिडांसाठी संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. भिंतीच्या भेगा शेणमातीनं लिंपायच्या. मुंग्यांच्या वारुळावर चुलीतली राख. शिवाय अंगणात कोंबड्या सोडलेल्या. कुत्रा आडवा पडला की कोंबडी त्याच्या पोटावरचे गोचीड टोचून टोचून खायची आणि हे महाराज डोळे मिटून सेवा करून घ्यायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे सारं कौतुकानं दाखवायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

शेजारची बाई माझ्याहून लहान, पण आम्ही एकमेकींना बाईच म्हणतो. तिची मुलगी वडशाला दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्यासाठी बाईनं घरामागच्या खोलगटात एक लहानशी बोडी, म्हणजे तळं, खोदली, धानाच्या शेतात असते तशी, आणि त्यात मरळ मासे सोडले. बाळंतिणीला मरळीचा रस्सा दिला की अंगात रक्त भरतं, असं आमच्याकडे मानतात. रोज सकाळी ती काठावर बसून भाताची शितं टाकायची आणि मासे मोठे झाले का ते बघायची.

एकदा तिनं कुंपणाच्या कडेनं मुंग्यांसाठी पांढरी पावडर टाकली. ती रेघ दिसली आणि माझं डोकंच फिरलं.

"माह्या कुत्र्याच्या जिवावर उठली का तू? समजते का नाई काही?" गल्ली गोळा होईस्तोवर मी बोलले.

ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं बाई. मले ध्यानच नाई राह्यलं." मग झाडू घेऊन सगळी पावडर गोळा केली, वरून पाणी मारून जागा पुसून काढली. पुढे मुंग्या तिच्या साखरेच्या डब्यात शिरल्या, तरी हसून म्हणायची, "तुमच्या कुत्र्यापायी मुंग्याईले पोसून राह्यली मी."

पावसाळ्यात अंगणभर गोगलगायी झाल्या, दगडाखाली गोमी. एक गोम कुत्र्याच्या नाकाला चावली, तोंड सुजून भोपळा झालं. त्याचं कण्हणं ऐकवेना. तेव्हा मला मोहाची ढेप आठवली. मोहाच्या बियांचं तेल काढलं की खाली उरते ती. माझे वडील ती शेतात टाकायचे, जमिनीतले किडे साफ व्हायचे. मी घाण्यावरून अर्धं पोतं ढेप आणली, कुटली आणि अंगणभर पसरली. कुत्र्यानं तोंड लावू नये म्हणून त्याला घरात बांधलं. वर कुंपणावरून बाईला ऐकवलं, "पाह्य, याले म्हणतेत उपाय. झाडाचं आहे, कोणाच्या जिवाले धोका नाई."

ती "हो बाई" म्हणाली.

आणि मी वाढले कुठे? गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात! उन्हाळ्यात नाल्याच्या डोहात वडील हीच ढेप टाकायचे, मासे गुंगून उलटे व्हायचे आणि परकर खोचून मी ते टोपलीत वेचायची. या हातांनी वेचलेत. पण डोक्यात त्या दिवशी कुत्र्याशिवाय दुसरं काही शिरलंच नाही.

रात्री पाऊस कोसळला. माझं अंगण उंचावर, तिची बोडी खाली. सकाळी तिची हाक ऐकून मी धावले. मरळी पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. कुंपणाखालून तपकिरी, फेसाळ पाणी अजून बोडीत उतरत होतं. ती त्या फेसाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तीही इथलीच. ढेपेचं तिला वेगळं काय सांगायचं?

आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी म्हटलं, "बाई, मी दुसऱ्या मरळी आणून देतो."

"कुठी ठेवू?" ती म्हणाली. "पाणी तर नासलं. अन् पोरगी आता येऊन राह्यली."

पदर खोचून ती बोडीत उतरली आणि एकेक मासा घमेल्यात टाकू लागली. ढेपेनं मेलेला मासा खायला चालतो, फेकायचा कशाला?

दुपारी ती दारात आली. हातात झाकलेला वाडगा. आमच्याकडे कोणाच्याही घरी मासे निघाले की शेजाऱ्याला वाटा जातो. तो तिनं मलाही आणला. मला!

"बाई, शिव्या तरी दे मले," मी म्हटलं.

तिनं वाडगा ओट्यावर ठेवला. वासानं कुत्रा आला. मी त्याला लाथेनं बाजूला सारलं.

"काऊन मारता त्याले? खाऊ द्या. त्याच्याच पायी त झालं सारं."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. ती ओट्यावर बसली, एक तुकडा उचलून तांब्यातल्या पाण्यानं तिखट धुतलं, घशात अडकू नये म्हणून बोटांनी एकेक काटा काढला आणि तो तुकडा माझ्या कुत्र्यापुढे ठेवला.