लख्खचा तिसरा रूममेट

वसतिगृहात तिला सगळे ‘लख्ख’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या कोर्सला आलेली मुलगी परीक्षानळी तीनदा धुते, हे ठीकच आहे. पण समोरच्या मुलीनं शेवटचा घोट घ्यायच्या आत तिचा कप धुऊन पालथा घालायचा, म्हणजे जरा अतिच झालं. पहिली रूममेट दीड महिन्यात गेली. दुसरी सोशिक होती, ती तीन महिने टिकली. जाताना म्हणाली, “तू वाईट नाहीस गं. पण या खोलीत पाय कुठे ठेवू, असं होतं मला.”

लख्खला ते फार लागलं. आपल्याबरोबर कुणी राहूच शकत नाही की काय, ही भीती तिची पाठ सोडेना. एकटीनं राहणंही जमेना. कुत्रा-मांजर रेक्टरबाईंना चालणारं नव्हतं. माशाला मात्र त्या हो म्हणाल्या, कारण तो भुंकत नाही आणि त्याचे केस गळत नाहीत.

शोभेचे मासे विकणाऱ्या काकांकडे ती रविवारी गेली. “काका, कमी त्रासाचा मासा द्या.”

“मग गोल्डफिश नको. तो खातो फार, घाण करतो फार नि वाढतोही फार. हा निळा फायटर न्या. एकलकोंडा आहे, जोडीदार मागत नाही.” काकांनी झाकणाची वीस लिटरची टाकी, पाणी कोमट ठेवणारा छोटा हीटर, एक पाणवनस्पती आणि खाण्याची डबी पुढ्यात मांडली. “रोज चार दाणे. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. बाकी त्याच्या वाटेला जायचं नाही.”

लख्खनं सगळं नीट ऐकलं. शेवटचं तेवढं कानाआड केलं.

पुढचे पाच दिवस ती रोज टाकी रिकामी करत होती. काच घासायची, तळाचे खडे उकळत्या पाण्यातून काढायची, आणि प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंना मस्का लावून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर भरायची. इतकं शुद्ध पाणी आजवर कुठल्या माशाच्या नशिबी आलं असेल? सहाव्या दिवशी मासा तळाशी पडून राहिला. पर मिटलेले, दाण्याकडे बघेना. लख्खच्या तोंडचं पाणी पळालं. हाही निघाला, एवढंच तिच्या मनात आलं.

त्याला बरणीत घालून, बरणी छातीशी धरून तिनं दुकान गाठलं. पाणी कुठलं ते तिनं सांगितलं, त्यातही थोडी ऐट होतीच. काकांनी कपाळाला हात लावला.

“ताई, त्या पाण्यात क्षारसुद्धा नाहीत. माशाला नाही सोसत ते. नि काचेवर बुळबुळीत थर धरतो ना, त्यातले जंतूच त्याची घाण पचवतात. ते तुम्ही रोज धुऊन काढता. अति तिथे माती.”

“मग मी आता काय करू?”

“नळाचं पाणी शिळं करून हळूहळू घाला. मग काही करू नका. तेच तुम्हाला जड जाणार, दिसतंय मला.”

जड गेलंच. काचेवर हिरवट डाग दिसला की तिचे हात शिवशिवायचे. मग ती बाहेर जाऊन सगळ्यांचं बेसिन घासून यायची. मजल्यावरच्या मुलींनी याबद्दल माशाचे मनापासून आभार मानले. चौथ्या दिवशी त्यानं एक दाणा गिळला, तेव्हा कुठे लख्खच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाण्यावर कोपऱ्यात फेस दिसला, बारीक बुडबुड्यांचा, चांगला तळहाताएवढा. साबण गेला की काय? फडकं हातात आलंसुद्धा. पण ती थांबली. आधी फोटो काढला, काकांना पाठवला आणि लगेच फोन लावला.

“पुसलं नाहीत ना?” काकांनी आधी तेच विचारलं. “घरटं आहे ते. जागा मानवली की नर असं फेसाचं घरटं करतो, मादी नसली तरी.”

लख्खनं फडकं बाजूला ठेवलं. “म्हणजे काका, त्याला इथं राहायचंय?”

“राहायचंय म्हणजे काय? बांधकाम काढलंय की त्यानं.”