दुसऱ्याच्या कादंबरीचा छंद

निवृत्त झालो तरी काही प्रकरणं पाठ सोडत नाहीत. हे त्यातलंच एक. तेव्हा मी दिल्लीत हिंदूराव रुग्णालयाजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ना खून, ना दरोडा. चोरीला गेला होता एक लॅपटॉप.

तक्रारदार लातूरकडचा, केंद्रीय सेवांच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा. पूर्व परीक्षेतच पुन्हा आपटलेला. लॅपटॉपमध्ये त्याने लिहिलेली कादंबरी होती. जादूच्या नगरीतले दोन शिपाई, एक खोटं बोलताच न येणारा राक्षस आणि दुसरी सुधारलेली पाकीटमार. कॉपी कुठेही ठेवलेली नव्हती.

"सर, इतक्या वर्षांत एवढंच काय ते हाताला लागलंय माझ्या," तो म्हणाला. संशय कोणावर, तर खोलीतल्या जोडीदारावर.

हा जोडीदारही मराठीच, पुण्याचा. मुख्य परीक्षा पास, मुलाखत तोंडावर आलेली. गुन्हा दाखल झाला असता तर चारित्र्य पडताळणीत त्याची निवड लटकली असती. म्हणून गुन्हा न नोंदवता तक्रार नुसत्या अर्जावरच ठेवून मी आधी चौकशी लावली.

माझ्यासोबत होती पानिपतची एक महिला उपनिरीक्षक. मी पुराव्याला चिकटून बसणारा, ही माणसाच्या तोंडाकडे बघून निकाल देऊन मोकळी! वर माझी फिरकी घ्यायची, "सर जी, मराठों को पानिपतवालों से ज़रा संभलके रहना चाहिए."

तिचा संशय उलट तक्रारदारावर. माझ्याकडून उचललेला मराठी शब्द वापरत म्हणाली, "कादंबरी-वादंबरी कुछ नहीं है सर जी. दोस्त पास हो गया, इसलिए ये जल रहा है."

तेवढ्यात हवालदाराने खबर आणली. इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याने पुण्याच्या मुलाला लॅपटॉप गेला त्या दुपारी दोन पिशव्या घेऊन जाताना आणि एकच घेऊन परतताना पाहिलं होतं.

मुलाला समोर बसवलं. काय ती नम्रता! पाठ ताठ, हात मांडीवर, "सर, माझ्या मते यात गैरसमज आहे." दुसऱ्या पिशवीत जुनी पुस्तकं होती म्हणे. इतकं गुळगुळीत बोलणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही.

"लॅपटॉपमध्ये काय होतं?"

"कल्पना नाही, सर. त्याने कधी दाखवलंच नाही."

तासभर उलटसुलट विचारलं, पण पठ्ठ्या ढिम्म. शेवटी उपनिरीक्षक वैतागली. तक्रारदाराबद्दल चार गोष्टी काढून घ्याव्यात म्हणून तिने सहज गप्पा सुरू केल्या. गाव कुठलं, घरी कोण, आणि मग, "हॉबी क्या है तुम्हारी?"

मुलाखतीच्या तालमी करून करून पोरगा यंत्र झाला होता. खुर्चीत सरसावून बसला आणि घडाघडा सुरू झाला, "मॅडम, फँटसी लेखन. माझ्या कादंबरीत कायद्याचे दोन रक्षक आहेत. एक राक्षस, ज्याला खोटं बोलता येत नाही..."

आणि तिथेच थांबला. चेहरा पांढराफटक.

उपनिरीक्षक माझ्याकडे बघून पुटपुटली, "लो जी, कादंबरी तो है."

मग सगळं बाहेर आलं. मुलाखतीच्या अर्जात छंद म्हणून त्याने मित्राच्या तोंडून ऐकलेली कादंबरी स्वतःची म्हणून दडपून दिली होती. मुलाखत मंडळाने खोदून विचारलं तर? म्हणून ती वाचायला लॅपटॉप उचलला. अभ्यासिकेच्या लॉकरमधून तो आम्ही ताब्यात घेतला.

तक्रारदाराने आधी फाइल उघडून पाहिली. जागेवर होती. त्याचा जीव भांड्यात पडला. मग मित्राकडे न बघता म्हणाला, "गुन्हा नको, सर. पण माझी कादंबरी ह्याने आपली म्हणून सांगायची नाही." मी दोघांचे जबाब घेतले आणि अर्ज निकाली काढला.

मुलाखत झाल्यावर पुण्याचा मुलगा आपणहून ठाण्यात आला.

"छंदाचं काय केलंस?" मी विचारलं.

"खरं सांगितलं, सर. ती कादंबरी मित्राची आहे, मी अर्जात खोटं लिहिलं."

"मग?"

"अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, मग तुमचा स्वतःचा छंद सांगा." खाली बघत तो पुढे म्हणाला, "मला एकही सांगता आला नाही, सर. शाळेपासून अभ्यासाशिवाय दुसरं काही केलंच नाहीये."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

तेव्हापासून चोरीच्या आरोपीला काय उचललंस हे विचारण्याआधी, त्याच्यापाशी काय नव्हतं, ते मी शोधू लागलो.